ऑक्सिटोसिन, पान्हा आणि मानवी सौहार्द : सूतिकापरिचर्येच्या दृष्टीने एक अभ्यास

प्रास्ताविक

दापोलीपासून दहा-बारा किलोमीटर अंतरावर, लाडघरच्या शेजारी, बुरोंडी हे समुद्रकाठचे गाव आहे. मासेमारी हा तेथील जुना व्यवसाय. जून-जुलैमधील मासेमारीबंदी संपली, नारळी पौर्णिमा झाली की होड्या पुन्हा समुद्रात जातात आणि घरातील कर्ते पुरुष दिवसेंदिवस पाण्यावर असतात. ज्या घरात त्याच सुमारास बाळंतपण झालेले असते, त्या घरातील सूतिकेचे मन अर्धे पाळण्यात आणि अर्धे समुद्रावर असते. अशा किनारी गावांत काम करणाऱ्या वैद्याकडे एक तक्रार वरचेवर येते : "बाळंतिणीला दूध येत नाही."

आपण बहुधा शतावरी कल्प लिहून देतो, अळिवाची खीर सुचवतो आणि पुढील रुग्णाकडे वळतो. परंतु स्वस्थपणे तपासले असता अनेकदा निराळेच चित्र दिसते. स्तन भरलेले व ताठरलेले असतात, बाळ ओढते, सोडते, रडते. आणि दूध सुटत नाही. घरातील वृद्ध स्त्री मग जे म्हणते ते निदानच असते : "दूध आहे हो, पान्हा फुटत नाही."

दूध आणि पान्हा हा भेद मराठी भाषेने फार पूर्वीच केलेला आहे. आधुनिक शरीरक्रियाशास्त्रानेही हा भेद मान्य केला आहे. दूध तयार होणे हे मुख्यतः प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे कार्य, तर तयार झालेले दूध बाहेर सोडणे हे ऑक्सिटोसिनचे. हेच ऑक्सिटोसिन गेल्या काही दशकांत 'प्रेमाचे संप्रेरक' म्हणून वृत्तपत्रांतून गाजले. माणसामाणसांतील विश्वास, आपुलकी, दांपत्यप्रेम, वात्सल्य या साऱ्यांचे श्रेय त्याला दिले गेले. आपल्याही व्यासपीठांवरून 'ऑक्सिटोसिन म्हणजेच ओज' अशी विधाने अधूनमधून ऐकू येतात. या सर्व दाव्यांत तथ्य किती, मर्यादा कोणत्या आणि वैद्याच्या नित्य व्यवहाराला त्यातून काय मिळते, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत.

ऑक्सिटोसिनचा परिचय

इ. स. १९०६ मध्ये हेन्री डेल या ब्रिटिश शास्त्रज्ञास असे आढळले की, पीयूषिका ग्रंथीच्या पश्च भागाच्या अर्काने गर्भिणी मांजरीच्या गर्भाशयाचे आकुंचन होते. शीघ्र प्रसव अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून पुढे या द्रव्यास नाव मिळाले. १९१० मध्ये ऑट आणि स्कॉट यांनी याच अर्काने शेळीच्या स्तनातून दूध सुटते असे दाखवले. १९५३ मध्ये व्हिन्सेंट द्यु व्हिन्यो यांनी त्याची रासायनिक रचना निश्चित केली आणि ते प्रयोगशाळेत तयारही केले. या कार्यासाठी त्यांना १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. केवळ नऊ अमिनो आम्लांची ही लहानशी साखळी आहे. मूत्राचे प्रमाण नियंत्रित करणाऱ्या व्हॅसोप्रेसिनपेक्षा ती फक्त दोन अमिनो आम्लांनी वेगळी आहे.

ऑक्सिटोसिन मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागात तयार होते आणि पीयूषिकेच्या पश्च भागात साठवले जाते. तेथून ते रक्तात सोडले जाते. मात्र ते सलग धारेने न येता थांबून थांबून, लहरींनी येते. रक्तात त्याचे आयुष्य काही मिनिटांचेच असते. याखेरीज हायपोथॅलॅमसमधील पेशींचे तंतू मेंदूच्या अन्य भागांतही जातात आणि तेथे ते चेतासंदेशकाप्रमाणे कार्य करते. गर्भाशय व स्तन यांवरील कार्य पहिल्या मार्गाने आणि वर्तनावरील परिणाम मुख्यतः दुसऱ्या मार्गाने होतात, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे. रक्तातील पातळी मोजली म्हणजे मेंदूतील कार्य कळले असे होत नाही. अनेक लोकप्रिय लेखांत हाच घोटाळा झालेला दिसतो.

पान्हा : देह आणि मन यांचा संधी

स्तनातील दुग्धकोशांभोवती आकुंचनशील पेशींचे जाळे असते. बालकाने स्तनाग्र ओढताच तेथील संवेदना मज्जारज्जूमार्गे मेंदूकडे जाते, ऑक्सिटोसिन सुटते, त्या पेशी आकुंचन पावतात आणि दूध नलिकांत येते. एवढ्यावर ही क्रिया थांबत नाही. बाळाचे रडणे ऐकून, बाळ दृष्टीस पडून, किंवा बाळापासून दूर असताना त्याची नुसती आठवण येऊनही पान्हा फुटतो, हे प्रत्येक आईला ठाऊक असते.

उलट दिशेचेही प्रयोग झाले आहेत. १९४८ मध्ये नायल्स आणि मायकेल न्यूटन यांनी एका स्तनदा मातेवर केलेल्या निरीक्षणात, स्तनपानाच्या वेळी तिचे पाय बर्फाच्या पाण्यात ठेवणे, पायाचा अंगठा दुखेल असा ओढणे, हिशेब विचारून गोंधळात टाकणे, असे अडथळे आणले. बाळाला मिळणारे दूध घटले. पीयूषिकेच्या अर्काचे इंजेक्शन दिल्यावर मात्र ते पुन्हा सुटले. म्हणजेच दूध स्तनात होते, अडली होती ती त्याची सुटका. जपानमध्ये १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या उएदा आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात मनात गणिते करण्याचा ताण व बांधकामाचा गोंगाट यांमुळे स्तनपानकाळी ऑक्सिटोसिनच्या लहरींची संख्या घटली, परंतु प्रोलॅक्टिनवर परिणाम झाला नाही. वृद्धेच्या "दूध आहे, पान्हा नाही" या वाक्याचे याहून चांगले स्पष्टीकरण सापडणे कठीण आहे.

आता सुश्रुतसंहितेकडे वळू. निदानस्थानाच्या दहाव्या अध्यायात स्तनरोगांच्या विवेचनात स्तन्यप्रवृत्तीचा विचार आला आहे. अपत्याच्या स्पर्शाने, दर्शनाने, स्मरणाने आणि त्याला उचलून घेण्याने स्तन्य प्रवृत्त होते. आणि या प्रस्रवाला निरंतर स्नेह हा हेतू होय, असा तेथील आशय आहे. सर्वदेहाश्रित शुक्र जसे प्रवृत्त होते तसेच स्तन्यही, असा दृष्टान्तही आचार्यांनी दिला आहे. हा दृष्टान्त आजच्या अभ्यासकालाही विचार करावयास लावतो. कारण कामक्रीडेच्या उत्कर्षबिंदूच्या वेळी स्त्री आणि पुरुष या दोघांच्याही रक्तात ऑक्सिटोसिन वाढते, असे १९८७ मध्ये कार्मायकेल आणि सहकाऱ्यांनी दाखवले आहे.

शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायात स्तन्यनाशाची कारणे सांगताना सुश्रुताचार्य क्रोध, शोक आणि अवात्सल्य यांचा उल्लेख करतात. चिकित्सेत प्रथम सौमनस्य उत्पन्न करण्यास सांगतात आणि त्यानंतर यव, गोधूम, शाली, मांसरस, लसूण, मत्स्य, विदारीकंद, ज्येष्ठमध, शतावरी इत्यादी द्रव्ये देतात. क्रम पाहण्याजोगा आहे : आधी मन, मग आहार व औषध. आपल्या चिठ्ठीत हा क्रम बहुधा उलटा होतो आणि पुष्कळदा त्याचा पूर्वार्ध गळूनच जातो.

येथे दोन गोष्टी स्पष्टपणे नोंदवल्या पाहिजेत. पहिली अशी की, यावरून सुश्रुताला ऑक्सिटोसिन ठाऊक होते असा निष्कर्ष काढू नये. त्याला ठाऊक होते ते निरीक्षण, आणि निरीक्षण अचूक होते. आधुनिक विज्ञानाने त्यामागील एक यंत्रणा दाखवली. दोहोंचे श्रेय आपापल्या जागी राहू द्यावे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. 'अवात्सल्य' या शब्दाचा आधार घेऊन, ज्या मातेला पान्हा फुटत नाही तिच्यात प्रेमच नाही, असा अर्थ कोणी लावू नये. ताण, वेदना, भीती आणि जागरण यांनी अत्यंत वत्सल मातेचाही पान्हा अडतो. संहितेत क्रोध व शोक हे अवात्सल्याच्या शेजारीच ठेवलेले आहेत. नवरा समुद्रावर असताना वादळाची सूचना ऐकलेल्या स्त्रीच्या मनातील भीती हा तिचा दोष नव्हे. "तुला बाळाची मायाच नाही" हे सासरच्या वा माहेरच्या कोणाचे एक वाक्य उरलेला पान्हाही आटवू शकते. असे वाक्य कानी आल्यास वैद्याने तेथेच थांबवावे. तो चिकित्सेचाच भाग आहे.

गोठ्यातील अनुभवही हेच सांगतो. वासराला आधी लावल्याशिवाय गाय पान्हवत नाही आणि अनोळखी हात लागला की ती पान्हा चोरते. या नैसर्गिक क्रियेला फाटा देऊन जनावरांना ऑक्सिटोसिनची इंजेक्शने टोचण्याचा गैरप्रकार देशात बोकाळला. या गैरवापराला आळा घालण्यासाठी केंद्र शासनाने २०१८ मध्ये या औषधाच्या खासगी उत्पादनावर बंदी घातली. मातांच्या जीवरक्षणासाठी औषध उपलब्ध राहणे आवश्यक असल्याने ती त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केली. एकाच द्रव्याचे दुरुपयोग आणि जीवरक्षण असे दोन्ही चेहरे या प्रकरणात दिसले.

प्रसव आणि सोबत

प्रसवकाळी बालकाचे मस्तक गर्भाशयमुखावर दाब देते, त्या ताणाने ऑक्सिटोसिन सुटते, त्याने आवी वाढतात आणि आवी वाढल्याने दाब अधिक वाढतो. १९४१ मध्ये फर्ग्युसन यांनी वर्णिलेली ही साखळी प्रसव पूर्ण होईपर्यंत चालते. भय आणि अपरिचित वातावरण यांनी ती मंदावू शकते, हे सुईणींना अनुभवाने माहीत होते.

चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात सूतिकागाराचे वर्णन करताना वास्तू आणि द्रव्यसंभार यांबरोबरच तेथे कोणत्या स्त्रिया असाव्यात हेही सांगितले आहे. अनेकदा प्रसूत झालेल्या, सौहार्दयुक्त, सतत अनुरक्त, कार्यकुशल, स्वभावतः वत्सल, विषादरहित आणि क्लेश सोसणाऱ्या अशा त्या असाव्यात. त्यांनी गर्भिणीस धीर द्यावा, कटी, पार्श्व, पृष्ठ या ठिकाणी कोमट तेल लावून सुखद मर्दन करावे, असेही विधान आहे. या यादीत तांत्रिक कौशल्याबरोबर स्वभावगुणांना इतके स्थान का, असा प्रश्न विद्यार्थिदशेत आम्हांला पडत असे.

त्याचे उत्तर आज आकडेवारीने मिळते. प्रसवकाळी सतत सोबत मिळण्याच्या परिणामांचा २०१७ मधील कॉक्रेन आढावा २६ चाचण्या आणि १५,००० हून अधिक स्त्रिया यांवर आधारलेला आहे. सतत सोबत मिळालेल्या स्त्रियांमध्ये नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण अधिक, सिझेरियनचे प्रमाण कमी आणि प्रसवकाळ काहीसा कमी आढळला. भारत शासनानेही २०१६ मध्ये सार्वजनिक रुग्णालयांत प्रसवकाळी एका सोबतिणीस उपस्थित राहू देण्याचे निर्देश दिले. या सर्व लाभांचे कारण ऑक्सिटोसिनच आहे असे सिद्ध झालेले नाही. भीती कमी होणे, हालचालीची मोकळीक, वेळेवर मदत हीही कारणे आहेत. परंतु सौहार्द हा प्रसवकर्माचा एक घटक आहे, ही चरकाची भूमिका त्यामुळे बळकट होते.

याच प्रकरणात एक गंभीर इशाराही आहे. आवी आलेल्या नसताना प्रवाहण करवू नये, असे दोन्ही संहिता बजावतात. अकाली प्रवाहणाने बालकास वैगुण्य येते असे त्या सांगतात. आज अकाली प्रवाहणाचे नवे रूप म्हणजे कळा लवकर याव्यात म्हणून घरी वा अपुऱ्या सोयीच्या ठिकाणी दिलेले ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन. त्याने गर्भाशय फाटणे, गर्भाला प्राणवायू कमी पडणे, मृत्यू, असे अनर्थ होतात. प्रसवापूर्वी हे औषध केवळ रुग्णालयात, मोजून, शिरेवाटे आणि गर्भाच्या हृदयध्वनीवर लक्ष ठेवूनच देता येते. याउलट बालकाचा जन्म झाल्यावर रक्तस्राव टाळण्यासाठी दिले जाणारे १० युनिटचे ऑक्सिटोसिन हे जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेले जीवरक्षक औषध आहे, आणि ते थंड तापमानातच टिकते. शास्त्राभिमानापोटी त्याला विरोध करणे हा अपराध ठरेल.

सामाजिक वर्तनावरील संशोधन : उत्साह आणि सावधगिरी

वर्तनावरील संशोधन प्राण्यांपासून सुरू झाले. १९७९ मध्ये पेडरसन व प्रांज यांनी न व्यालेल्या उंदरिणींच्या मेंदूत ऑक्सिटोसिन सोडले असता त्या परक्या पिलांची आईप्रमाणे काळजी घेऊ लागल्या. पुढे मेंढ्यांतही असेच आढळले. उत्तर अमेरिकेतील प्रेअरी व्होल या उंदरासारख्या प्राण्यांत नर-मादी दीर्घकाळ जोडीने राहतात. त्यांच्यातील जोडीबंध ऑक्सिटोसिनवर अवलंबून असल्याचे अनेक प्रयोगांनी सुचवले.

मनुष्याच्या बाबतीत २००५ मधील झुरिचच्या प्रयोगाने खळबळ उडवली. नाकातून ऑक्सिटोसिनचा फवारा दिलेल्या २९ पुरुषांपैकी १३ जणांनी अनोळखी व्यक्तीवर विश्वास ठेवून आपल्याजवळची सर्व रक्कम गुंतवली. निष्क्रिय फवारा दिलेल्या २९ जणांत असे केवळ ६ होते. 'विश्वासाचा फवारा' सापडला, अशा बातम्या आल्या. मात्र त्यानंतर हा निष्कर्ष पुन्हा मिळवण्याचे प्रयत्न बहुतांशी फसले. २०२० मध्ये ६७७ पुरुषांवर, पद्धती आधीच जाहीर करून केलेल्या अभ्यासात फवाऱ्याने अनोळखी व्यक्तीवरील विश्वास वाढतो असे दिसले नाही.

दुसरा प्रवाह अधिक उद्बोधक आहे. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१० व २०११ मध्ये असे सुचवले की, ऑक्सिटोसिनने आपल्या गटाविषयीचा जिव्हाळा वाढतो, परंतु परक्या गटाविषयी तो वाढत नाही. प्रसंगी आप-परभावच अधिक तीव्र होतो. आई आपल्या पिलाला जवळ घेते आणि जवळ येणाऱ्या परक्यावर धावून जाते, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात, हे आठवले की यात आश्चर्य वाटत नाही. म्हणूनच आता बरेच संशोधक असे मानतात की, ऑक्सिटोसिन प्रेम उत्पन्न करीत नाही, तर सामाजिक संकेत अधिक ठळक करते. भोवताली आश्वासक माणसे असतील तर आपलेपणा गडद होतो; भोवताली धास्ती असेल तर धास्तीही गडद होऊ शकते.

चिकित्सेच्या आशाही तपासल्या गेल्या. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत स्वमग्नतेने बाधित २९० मुलामुलींना २४ आठवडे नाकातून ऑक्सिटोसिन वा निष्क्रिय फवारा देण्यात आला. सामाजिक वर्तनात दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. २०२३ मध्ये तर ज्या व्होल प्राण्यांत ऑक्सिटोसिनचे ग्राहकच जनुकीय पद्धतीने नाहीसे केले होते, त्यांनीही जोड्या जमवल्या आणि त्यांतील माद्यांनी पिलांना दूधही पाजले. जीवनास आवश्यक अशी गोष्ट निसर्ग एकाच खुंटीला टांगत नाही, असाच याचा अर्थ होय.

पित्याविषयीचा एक अभ्यास मात्र आपल्या उपयोगाचा आहे. २०१० मध्ये इस्रायलमधील संशोधकांनी ८० दांपत्यांचा बाळाच्या पहिल्या सहा महिन्यांत अभ्यास केला. माता आणि पिता यांच्या रक्तातील ऑक्सिटोसिनच्या पातळीत फरक नव्हता, आणि दोघांचीही पातळी या काळात वाढली. मातेत तिचा संबंध कुरवाळणे, बोबडे बोलणे यांच्याशी, तर पित्यात बाळाला खेळवणे, उचलणे, वस्तू दाखवणे यांच्याशी आढळला. पुरुषाला प्रसव नाही, स्तन्य नाही. त्याचे वात्सल्य बाळाच्या सहवासाने घडते.

ऑक्सिटोसिन आणि ओज

वरील विवेचनानंतर 'ऑक्सिटोसिन म्हणजे ओज' हे समीकरण का टिकत नाही हे सांगणे सोपे आहे. ओज हे सर्व धातूंचे सार, बलाचा व व्याधिक्षमत्वाचा आधार. ऑक्सिटोसिन हे नऊ अमिनो आम्लांचे, काही मिनिटांत नष्ट होणारे एक द्रव्य. एकास एक अशी जोडणी केल्याने ओजाची व्यापकता जाते आणि ऑक्सिटोसिनची नेमकी माहितीही धूसर होते. तसेच 'अमुक कल्पाने ऑक्सिटोसिन वाढते' असा प्रचार, पुराव्यावाचून, आपण करू नये.

तौलनिक विचार करावयाचाच तर तो द्रव्याच्या पातळीवर न करता हेतूच्या पातळीवर करावा. आयुर्वेदाने स्पर्श, दर्शन, स्मरण, सौमनस्य, सौहार्द यांना हेतू म्हटले. आधुनिक शास्त्र या हेतूंपासून कार्यापर्यंतच्या मार्गातील एक दूत दाखवते. दूत हाती लागला म्हणून हेतू निरर्थक ठरत नाहीत. उलट, फवाऱ्यांच्या अपयशाने हेच दाखवले की, हेतूंना वगळून केवळ दूत पाठवला तर कार्य सिद्ध होईलच असे नाही.

व्यवहारातील उपयोग

बुरोंडीसारख्या किनारी गावात काम करणाऱ्या वैद्याने पुढील गोष्टी कराव्यात, असे आम्ही सुचवतो.

१. प्रथम खरोखर दूध कमी आहे की पान्हा अडला आहे, हे ठरवावे. बाळाचे वजन नियमित पाहावे. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसातून सहा वा अधिक वेळा लघवी करीत असेल व वजन वाढत असेल, तर दूध बहुधा पुरेसे असते. वजन घटत असेल, बाळ सुस्त असेल, तर विलंब न करता बालरोगतज्ज्ञाकडे पाठवावे.

२. जन्मानंतर लगेच बाळ आईच्या उघड्या छातीवर ठेवावे आणि पहिल्या तासात स्तनपान सुरू करावे. असे ठेवलेले बाळ स्वतः सरकत स्तनापर्यंत पोहोचते, हे स्वीडनमध्ये १९८७ साली नोंदले गेले. २००७ मध्ये मुंबईतील बालरोगतज्ज्ञांनी युनिसेफच्या साहाय्याने त्यावर चित्रफीत काढून ते देशोदेशी पोहोचवले.

३. चीक टाकू देऊ नये. सुश्रुतात पहिले काही दिवस मध व तूप यांचे विधान आहे आणि स्तन्य तीन-चार रात्रींनंतर प्रवृत्त होते असे म्हटले आहे. चरक मात्र जातकर्मानंतर स्तन देण्यास सांगतो. आज चिकाचे रोगप्रतिबंधक मूल्य निर्विवाद आहे आणि एक वर्षाखालील बालकास मध देणे धोक्याचे मानले जाते. म्हणून येथे चरकाच्या स्तनदानाचा पक्ष घ्यावा आणि मध वर्ज्य करावा.

४. पाजण्यापूर्वी सूतिकेच्या पाठीवर, कण्याच्या दोन्ही बाजूंनी, मानेपासून खाली कोमट तेलाने सावकाश मर्दन करावे. पान्हा सुटण्यासाठी पाठ चोळण्याची कृती जागतिक आरोग्य संघटनेच्या स्तनपान प्रशिक्षणातही शिकवली जाते. आपल्याकडे अभ्यंगाची परंपरा असल्याने घरातील स्त्रीस हे दोन मिनिटांत शिकवता येते. हात संथ असावा. घाईने रगडलेल्या तेलात आश्वासन नसते.

५. पाजण्याच्या वेळी बाळंतिणीच्या खोलीत गर्दी नसावी. भेटायला येणाऱ्यांचे सल्ले, बाळाच्या वजनाची तुलना, समुद्रावरील वाईट बातम्या या गोष्टी त्या अर्ध्या तासापुरत्या उंबऱ्याबाहेर ठेवाव्यात. एक जिवाभावाची अनुभवी स्त्री जवळ असावी. चरकाच्या यादीतील गुण ज्या मावशी-आत्यांत असतील त्यांना वैद्याने नावाने हाक मारून हे काम सोपवावे.

६. मासळी विकण्यासाठी लवकर कामाला लागणाऱ्या मातांना बाळ बरोबर नेता येईल का, याचा विचार घरच्यांनी करावा. रायगडाचा कडा उतरून बाळाकडे धावलेल्या हिरकणीची कथा सर्वांना ठाऊक आहे. तिच्याच नावाने एस. टी. स्थानकांवर स्तनपानासाठी हिरकणी कक्ष झाले आहेत, त्यांचा उपयोग करण्यास सांगावे.

७. समुद्रावरून परतलेल्या पित्याच्या हाती, आंघोळ होताच, बाळ द्यावे. "पुरुषाला काय कळते" ही समजूत वैद्याने मोडावी. त्याचा सहवास बाळासाठी आहे तसाच सूतिकेच्या सौमनस्यासाठीही आहे.

८. यानंतर आहार व औषध : यव, गोधूम, लसूण, मांसरस, शतावरी, विदारी, ज्येष्ठमध इत्यादी, अग्नी पाहून. सुश्रुताच्या यादीत मत्स्यही आहे; ताजा मासा मिळणाऱ्या घरात तो तिला नाकारू नये.

९. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, सतत रडणे, झोप न येणे, बाळाविषयी निर्विकारपणा वा स्वतःस इजा करण्याचे विचार आढळल्यास ते 'बाळंतिणीचे चाळे' समजू नयेत. हा आजार आहे. मानसोपचारतज्ज्ञाचे साहाय्य तत्काळ घ्यावे आणि तोवर तिला एकटे सोडू नये.

समारोप

ऑक्सिटोसिनच्या शतकभराच्या अभ्यासातून आम्हांला जाणवलेली गोष्ट अशी : सौहार्द बाटलीत भरून देता येत नाही, परंतु सौहार्दाची परिस्थिती निर्माण करता येते आणि तिचे परिणाम देहावर मोजता येतात. औषधनिर्मात्याला ही गोष्ट निराश करणारी वाटेल. वैद्याला ती बळ देणारी वाटावी, कारण परिस्थिती घडवणे हेच त्याचे जुने काम आहे.

पुढच्या वेळी "बाळंतिणीला दूध येत नाही" असे सांगत कोणी दवाखान्यात आले तर लेखणी उचलण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : बाळ तिच्याजवळ किती वेळ असते? तिच्याजवळ कोण असते? आणि तिला कशाची भीती वाटते? या तीन प्रश्नांच्या उत्तरांत पुष्कळदा निम्मी चिकित्सा असते. उरलेल्या निम्म्यासाठी शतावरी आहेच.